डब्यावर साखर, आत मीठ

एक्स-रे काढून झाला. केंद्राने मोबाइलवर लिंक पाठवली. उघडून पाहतो तर हाडाच्या चित्राऐवजी पडद्यावर चौकटी आणि प्रश्नचिन्हांची गर्दी! फोन बिघडला की फाइल? पुष्कळदा दोन्ही ठणठणीत असतात. चुकलेली असते ती फाइलसोबतची चिठ्ठी.

कोणतीही फाइल पाठवताना सर्व्हर तिच्याआधी ‘कंटेंट-टाइप’ नावाची एक ओळ पाठवतो. जेपेग छायाचित्र असेल तर ‘इमेज/जेपेग’, पीएनजी असेल तर ‘इमेज/पीएनजी’. या प्रकारनामांचा पाया नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी 1992 मध्ये ईमेलसाठी घातला. पुढे वेबनेही ती पद्धत उचलली. प्रोग्रॅमर ही ओळ लिहायला विसरला, तर काही प्रणाली आपणहून ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ असे कळवतात. मग ब्राउझर चित्रातले आकडे अक्षरे समजून छापत सुटतो.

मग ब्राउझरने स्वतःच ओळखावे की! खुणा असतातही. जेपेगचे पहिले दोन बाइट नेहमी 255 आणि 216 असतात. पीएनजीच्या सुरुवातीलाच ती तीन अक्षरे दडलेली असतात. पण अंदाज अंगाशी येऊ शकतो. ‘फोटो’ म्हणून चढवलेल्या फाइलमध्ये कुणी वेबपानाचा कोड लपवला आणि ब्राउझरने तिला पान समजून चालवले, तर तो कोड तुमच्या लॉगिनचा गैरवापर करू शकतो. म्हणूनच इंटरनेट एक्स्प्लोरर 8 पासून ‘नोस्निफ’ ही सूचना आली: अंदाज बांधू नकोस, चिठ्ठीवर विश्वास ठेव. अर्थात, मग चिठ्ठी अचूक हवीच. फाइलच्या नावावर न जाता आतला मजकूर तपासून ती लिहिणे, हे अ‍ॅप बनवणाऱ्याचे काम.

सीटी स्कॅनची मूळ फाइल मात्र बहुधा ‘डायकॉम’ प्रकारची असते. साधा ब्राउझर ती दाखवत नाही. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते.

तेव्हा रिपोर्टच्या जागी अगम्य अक्षरे दिसली, तर लगेच पुन्हा एक्स-रे काढायला धावू नका. किरणोत्सर्गाचा जादा डोस कशाला? केंद्राला फोन करा, फाइल पुन्हा पाठवायला किंवा छापील प्रत द्यायला सांगा. चित्र बहुधा शाबूत असते. डब्यावरची चिठ्ठी तेवढी बदलायची असते.