तिरकं करायचं बटण दाबलं की अक्षराचं नेमकं काय होतं?

गेल्या आठवड्यात डिपार्टमेंटच्या बोर्डावर माझं पोस्टर लागलं आणि ते बघून मलाच कसंतरी झालं. इंग्रजी शीर्षक रोबोटो स्लॅबमध्ये, ठळक, आणि 'जरा उठाव येईल' म्हणून तिरकं केलेलं. स्क्रीनवर बरं दिसत होतं. मोठ्या कागदावर मात्र 'ए'चा एक पाय बारीक आणि दुसरा सुजलेला! अक्षरांवर पीएचडी करणाऱ्या मुलीने हे करावं म्हणजे कमालच.

गोम अशी की रोबोटो स्लॅबला इटॅलिक नाहीच. मग सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच कलतं करतं. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरचे पत्ते थोडे थोडे उजवीकडे सरकवा, अगदी तसं. प्रत्येक पत्त्याची रुंदी तीच राहते, म्हणजे आडवं मोजमाप बदलत नाही. पण आपला डोळा रेघेची जाडी आडवी मोजत नाही, रेघेला काटकोनात मोजतो. तिथेच सगळं बिघडतं.

हिशोब करून बघितला. 'ए'चे दोन्ही पाय उभ्या रेषेपासून २० अंश झुकलेत असं धरा आणि अक्षर १४ अंश कलवा. डावा पाय आणखी आडवा होऊन साधारण ९ टक्के बारीक होतो. उजवा उभा राहायला लागतो आणि ६ टक्के जाड होतो. 'ओ'चंही तेच: वर उजवीकडे आणि खाली डावीकडे गाठ आल्यासारखी वाटते.

मग हे स्लॅबमध्येच का खटकतं? कारण या अक्षरांच्या रेघा जवळपास सारख्या जाडीच्या असतात. सगळे एका उंचीचे असले की एखादा बुटका लगेच दिसतो ना, तसं. त्यात ठळक वजन म्हणजे आतली पोकळी आधीच कमी, आणि सेरिफ म्हणजे विटेसारखे चौकोनी ठोकळे. म्हणून खरं इटॅलिक काढताना बरेच डिझायनर छोट्या 'एन', 'एम'च्या पायांचे काही ठोकळे चक्क काढून टाकतात, छोटा 'ए' एकमजली करतात आणि प्रत्येक तिरक्या रेघेची जाडी हाताने दुरुस्त करतात. कंटाळवाणं काम आहे, महिने जातात.

ही अक्षरं जन्मली इंग्लंडात, १८१५च्या सुमारास, जाहिरातींसाठी. तेव्हा ढकलायला बटणच नव्हतं. तिरकं हवं तर प्रत्येक अक्षर पोलादात नव्याने कोरायचं. शिवाय खिळा चौकोनी, त्यामुळे बाहेर लोंबणारा तिरका कोपरा मोडायची भीती.

(देवनागरीत गंमत वेगळी. शिरोरेषा आडवीच राहते, काना तेवढा कलतो, आणि शब्द वाऱ्यावर वाळत घातल्यासारखा दिसतो. माझं प्रामाणिक मत: करू नका.)

वेबसाइट बनवत असाल तर सीएसएसमध्ये 'फॉन्ट-सिंथेसिस' 'नन' करा. मग ब्राउझर खोटं इटॅलिक बनवत नाही, अक्षर सरळ ठेवतो. माझं पोस्टर मात्र शुक्रवारपर्यंत तिथेच आहे. गाइडनी अजून पाहिलेलं नाही.