म्युनिकचा ‘शिराज’

वालीवचे कारखान्यांचे गाळे पाहिलेल्या माणसाला मालाडचं बॉम्बे टॉकीज कंपाउंड परकं वाटणार नाही. पत्र्याची छपरं, छोटे कारखाने, दारात उभा टेम्पो. इथे 1934 साली हिमांशू राय आणि देविका राणींनी ‘बॉम्बे टॉकीज’ हा स्टुडिओ थाटला आणि दिग्दर्शनाला म्युनिकचे फ्रान्झ ऑस्टेन आणले. ‘अछूत कन्या’ त्यांचाच. त्यांना हिंदी येत नव्हतं, हे चित्रपट पाहून कुणी ओळखणार नाही.

राय-ऑस्टेन जोडीचं खरं काम त्याआधीचं, मूकपटांतलं. ‘प्रेम संन्यास’ (1925), ‘शिराज’ (1928) आणि ‘प्रपंच पाश’ (1929). भांडवलात आणि तंत्रज्ञांत जर्मन-ब्रिटिश वाटा. कलावंत आणि वाडे-किल्ले आपले. ‘शिराज’मध्ये कुंभाराचा मुलगा ताजमहालाची कल्पना रेखतो. इतिहासाला धरून काही नाही, पण दृश्यं बिनतोड. हत्तीच्या पायाखाली देण्याची शिक्षा झालेला शिराज जमिनीवर पडलेला, आणि तो पाय हळूहळू वर येतो. शिराज स्वतः राय, शाहजादा खुर्रम चारू रॉय. आज इतका मोठा हत्ती आणि इतका शूर निर्माता, दोन्ही मिळणं कठीण!

पण असे चित्रपट टिकणं सोपं नव्हतं. जुनी फिल्म नायट्रेटची. एकदा पेटली की विझत नाही, शिवाय नुसती ठेवली तरी सडते. आपल्याकडे चांदी काढण्यासाठीही रिळं धुतली गेली. ‘शिराज’ वाचला, कारण त्याची मूळ निगेटिव्ह लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात होती. तिच्यावरून चित्रपट पूर्ववत केला गेला आणि 2017 साली अनुष्का शंकर यांच्या संगीतासह पुन्हा पडद्यावर आला. ‘प्रपंच पाश’चंही तसंच, त्याला नितीन साहनी यांचं संगीत.

‘प्रेम संन्यास’च्याच साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ केला. त्यात सावकाराने जमीन बळकावलेला तरुण शेतकरी होते व्ही. शांताराम. राजवाडा नाही, हत्ती नाही. झोपडीबाहेर विव्हळणाऱ्या कुत्र्याचं दृश्य मात्र पाहणाऱ्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं. माझ्या मते तो ‘शिराज’पेक्षा मोठा चित्रपट असणार. पण त्याला लंडनचा भागीदार नव्हता. पेंटरांनी 1936 साली तोच विषय बोलपटात पुन्हा घेतला. मूळ मूकपटाची रिळं हाती लागलेली नाहीत.