‘शी’ आणि ‘इट’

शहरातल्या मुलाला इंग्रजी शिकवणे त्या मानाने सोपे. मास्तर कमी पडले, तर बिस्किटाच्या पुड्यापासून दुकानाच्या पाटीपर्यंत सारा गाव शिकवायला बसलेलाच असतो. भामरागडकडच्या माडिया मुलाला ही सोय नाही. घरी माडिया, शाळेत मराठी. आणि महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजीही पहिलीलाच येते. दोन्ही पाहुण्या एकाच दिवशी दारात!

शिक्षकांसाठी भरणारे इंग्रजीचे वर्ग मी गडचिरोली जिल्ह्यात पाहिले आहेत. ‘स्टँड अप, सिट डाऊन’ म्हणत पन्नाशीचे गुरुजी उठाबशा काढतात, तेव्हा हसू येते खरे. पण मला तो प्रकार मनापासून आवडतो. कृतीला दुभाष्या लागत नाही. घोडे अडते ते पुढे. मुलाला कळले नाही, तर मराठीत सांगावे, हे तिथे गृहीतच असते. ‘हँड’ म्हणजे हात. पण ज्याच्या घरी हाताला ‘कै’ म्हणतात, त्याला ‘हात’ तरी कुठे ओळखीचा?

एका पाचवीतल्या मुलाच्या वहीत मी वाक्य पाहिले : आई भात शिजवते आहे, आणि आईसाठी शब्द ‘इट’. वर लालभडक फुली. पुढची पाने कोरी.

माडिया ही गोंडीच्या घरातली, द्राविड कुळातली भाषा. तीत पुरुषाला एक सर्वनाम. बाई, गाय आणि दगड या तिघांना मिळून दुसरे. पोराने आईचा अपमान केला नव्हता, आपले व्याकरण इमानाने पाळले होते!

हे तिथल्याच एका गुरुजींनी मला उलगडून सांगितले. बाजारात मीठ-मिरची घेता घेता ते माडिया शिकले. त्यांनी फळ्यावर बाबा, आई आणि भाताचे भांडे काढले. माडियात दोन कप्पे, इंग्रजीत तीन. तासाभरात ‘शी’ जागेवर बसली. (मराठी मुले या शब्दाला फिदीफिदी हसतात, ती अडचणही इथे नाही.)

डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ साली हेमलकशाला गेले, तेव्हा रोग्याचे दुखणे समजण्यासाठी त्यांनाही आधी माडियाच शिकावी लागली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मात्र मी जिथे जिथे बसलो, तिथे माडियाचा एक तासही नव्हता. ज्याने त्याने आपल्या हौसेने शिकायचे; आणि बदली झाली, की ती विद्या ट्रंकेत भरून गुरुजींबरोबर गाव सोडते.

या गुरुजींचीही बदली ठरली होती. मुलांकडून गोळा केलेल्या शब्दांची वही, माडिया-मराठी-इंग्रजी अशा तीन रकान्यांची, त्यांनी शाळेच्या कपाटात ठेवली आणि किल्ली शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंकडे दिली.