वणवा विझवणाऱ्याचे नाव कोणत्या रजिस्टरात?

बीडजवळ पालवणच्या डोंगरावर फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले. त्याच वर्षी तिथल्या सह्याद्री देवराईला आग लागली आणि महाराष्ट्रभर हळहळ झाली. झाडांसाठी हळहळ व्हायलाच हवी. पण ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले, त्यांची नावे किती जणांना आठवतात?

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम ७९ पाहा. जंगलात गुरे चारणारा, तिथून लाकूडफाटा नेणारा आणि लगतच्या गावात सरकारी मोबदल्यावर गावकीची सेवा करणारा, या साऱ्यांवर वणवा विझवण्याची सक्ती. टाळल्यास महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. मुंबई इलाख्यात गावकीची कामे कोणाच्या माथी होती, हे आमच्या वाचकांना सांगायला नको! (बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, पण गावकीचे जू तिथेही होतेच.) पुढच्याच वर्षी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते अशाच राबवणुकीविरुद्ध.

सक्ती झाली, हक्काचे काय? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात झाडतोड आणि वणवा विझवणे ही कामे स्पष्ट लिहिलेली होती. पुढे त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. पण कायदा कोणताही असो, दावा लावला की पहिला सवाल येतो: मयत तुमच्याकडे कामाला होता, याचा पुरावा काय? हजेरीपटावर नाव नसेल तर विधवेने काय दाखवायचे?

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातले पेश्टिगो हे लाकूडतोडीवर जगणारे गाव. तोडीनंतर रानात पडलेला फांद्यांचा कचरा, कोरडे पडलेले वर्ष, रेल्वेसाठी आणि शेतीसाठी लावलेल्या आगी. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री तिथे आणि आसपास किमान १२०० माणसे जळाली. त्याच रात्री शिकागो पेटले, तिथे सुमारे ३०० गेले. जगाने शिकागो लक्षात ठेवले. पेश्टिगोत साडेतीनशेच्या आसपास प्रेते एकाच खड्ड्यात पुरावी लागली, ओळख पटवणारेच उरले नव्हते.

आमच्या बालाघाटाच्या डोंगरांवर उन्हाळ्यात गवत पेटते, तेव्हा झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन जवळच्या वस्तीतली माणसे धावतात. वन विभागाने होळीआधीच त्यांची नावे हजेरीपटावर घ्यावीत, विमा उतरवावा, यादी ग्रामपंचायतीत लावावी. तालुक्यातालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात आधी एवढेच मागावे: गेल्या उन्हाळ्यात आगी विझवणाऱ्यांची नावे आणि त्यांना दिलेली मजुरी.