आवर्ती गणक आणि कालांतराचे गणित

नाशिकनजीकच्या पांडवलेण्यांतील लेख ज्यांनी अभ्यासिले आहेत, त्यांना कालनिर्देशाची एक अडचण परिचित आहे. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ४१, ४२ व ४५ ही वर्षे आली आहेत. अंक सुवाच्य आहेत. परंतु ते शकारंभापासून मोजावयाचे की नहपानाच्या राज्यारोहणापासून, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद चालत आले. कालदर्शक अंकास अर्थ प्राप्त व्हावयाचा तर त्याचा आरंभ ठाऊक असावा लागतो. आणि तो अंक किती मोजून झाल्यावर पुन्हा प्रारंभास येतो, हेही ठाऊक असावे लागते. यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा विचार येथे करावयाचा आहे, कारण संगणकाच्या घड्याळाशी तिचा निकटचा संबंध आहे.

आवर्ती कालगणनेचे आपल्याकडील उत्तम उदाहरण म्हणजे संवत्सरचक्र होय. शकाच्या अंकात १२ मिळवून ६० ने भागावे. जी बाकी उरेल तो प्रभवापासून संवत्सराचा क्रमांक (बाकी शून्य उरल्यास साठावा, क्षय). शिवराज्याभिषेक शके १५९६ मध्ये, आनंद संवत्सरी झाला. १६०८ ला ६० ने भागता ४८ उरतात, आणि आनंद हा अठ्ठेचाळिसावाच आहे. मात्र एखाद्या कागदावर नुसते ‘आनंद’ एवढेच असेल, तर शके १५३६ किंवा १६५६ हेही त्याला तितकेच लागू पडतात. शक ही अखंड संख्या आहे. संवत्सर हा तिचा केवळ शेवटचा, फिरता भाग होय.

संगणकातील घड्याळ-गणक नेमका असाच असतो. त्याची रुंदी ३२ बिटांची असेल, तर त्यात ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळ्या संख्या मावतात. दर सहस्रांश सेकंदास तो एकाने वाढत असेल, तर ४९ दिवस, १७ तास आणि सुमारे ३ मिनिटांनी तो शेवटच्या संख्येवरून पुन्हा शून्यावर येतो. हा यंत्राचा बिघाड नव्हे; क्षयानंतर प्रभव यावा तसाच हा त्याचा स्वभाव आहे. चूक होते ती वाचणाऱ्याची.

ती कशी होते हे संवत्सरांवरूनच पाहता येईल. रक्ताक्षी (५८) संवत्सरी कोणी पाच वर्षांच्या मुदतीने कर्ज घेतले. ५८ आणि ५ मिळून ६३. म्हणजे मुदत शुक्ल (३) संवत्सरी भरते. ‘चालू क्रमांक मुदतीच्या क्रमांकाएवढा किंवा अधिक झाला काय?’ असे कारकुनाने विचारले, तर ५८ हे ३ हून मोठे असल्याने कर्ज दिले त्याच दिवशी मुदत संपल्याचे उत्तर मिळेल. दोन क्षणांच्या अंकांची थेट तुलना करणे, हे या दोषाचे मूळ होय.

यावरील उपाय असा की, तुलना क्षणांची न करता कालांतराची करावी. चालू क्रमांकातून आरंभीचा क्रमांक वजा करावा, आणि उत्तर ऋण आल्यास त्यात ६० मिळवावेत. प्रभव (१) संवत्सरी १ मधून ५८ गेले, उणे ५७. त्यात ६० मिळविले की ३. तीन वर्षे झाली, मुदत शिल्लक आहे. शुक्ल संवत्सरी हेच गणित ५ देते व मुदत भरते. संगणकात ६० मिळविण्याचे निराळे कष्टही पडत नाहीत. चिन्हरहित ३२ बिटांच्या वजाबाकीत हातचा आपोआप गळून पडतो आणि योग्य तेच उत्तर उरते. मात्र ते उत्तर तेवढ्याच रुंदीत ठेवले पाहिजे. वजाबाकीपूर्वीच संख्या अधिक रुंद करून घेतल्यास हा गुण नाहीसा होतो.

या रीतीला दोन मर्यादा आहेत. गेलेला काळ एका संपूर्ण आवर्तनाहून कमी असला पाहिजे; अन्यथा ६५ वर्षे आणि ५ वर्षे यांत भेद उरत नाही. आणि दोहोंपैकी आधीचे कोणते, हे ठरवावयाचे असल्यास त्यांतील अंतर अर्ध्या आवर्तनाहूनही कमी असले पाहिजे.

याहून दीर्घ काळ मोजावयाचा असल्यास आवर्तनांची स्वतंत्र मोजदाद ठेवावी लागते. नवे वाचन मागील वाचनाहून लहान आले की एक आवर्तन झाले असे धरावयाचे. त्यासाठी प्रत्येक आवर्तनात निदान एकदा तरी गणक वाचला गेलाच पाहिजे. काही यंत्रांत वरचा व खालचा असे दोन भाग निरनिराळे वाचावे लागतात. वरचा भाग वाचून होताच खालचा भाग शून्यावर आला, तर उत्तर संपूर्ण आवर्तनाने चुकते. म्हणून आधी वरचा, मग खालचा, आणि पुन्हा वरचा भाग वाचावा. वरच्या भागाची दोन्ही वाचने जुळली तरच उत्तर स्वीकारावे, नाही तर पुनश्च आरंभ करावा.

या गोष्टी किरकोळ नाहीत. १४ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातील हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राचा विमानांशी असलेला ध्वनिसंपर्क तुटला आणि तो तीन तासांहून अधिक काळ पूर्ववत झाला नाही. त्या व्यवस्थेतील गणकाची मर्यादा वर सांगितलेल्या सुमारे ५० दिवसांचीच होती. ती ठरावीक काळाने बंद करून पुन्हा चालू करावयाची होती, ते राहून गेले. २०१५ मध्ये बोइंग ७८७ विमानांबाबत अशीच सूचना निघाली. त्यांच्या विद्युत्‌जनित्रांच्या नियंत्रकांतील गणक सलग २४८ दिवसांनी मर्यादा ओलांडे, आणि त्यामुळे विमानातील वीजपुरवठा खंडित होण्याचा धोका होता.

असे दोष परीक्षणात सहसा सापडत नाहीत, कारण पन्नास दिवस वाट पाहणारे परीक्षक विरळाच. लिनक्स या प्रणालीच्या कर्त्यांनी यावर एक साधी युक्ती योजिली आहे. तेथे गणकाचा आरंभ शून्यापासून होत नाही. ३२ बिटांचे आवर्तन पूर्ण होण्यास पाच मिनिटे उरावीत अशा संख्येपासून तो होतो. त्यामुळे आज्ञावलीतील चूक यंत्र सुरू केल्यावर पाच मिनिटांतच, दुरुस्त करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, उघडी पडते.