लाखभर फोन एकदम बोलू लागले तर

महाराष्ट्रात सुमारे 1 लाख 10 हजार अंगणवाड्या आहेत. सकाळी नाशिक जिल्ह्यातल्या वणीतली सेविका मुलांची हजेरी मोबाइलवर लावते, त्याच सुमाराला सावंतवाडीतली आणि गडचिरोलीतलीही लावत असते. 1 मार्च 2021 रोजी सुरू झालेल्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये या नोंदी जातात. देशभरात अशा अंगणवाड्या जवळपास 14 लाख. फोनांचा एवढा मोठा ताफा असला की दुरून त्याची देखभाल करणारी यंत्रणा लागते. कोणत्या फोनमध्ये कोणतं ॲप आहे ते बघायचं, नवं ॲप पोचवायचं, हरवलेला फोन बसल्या जागेवरून बंद करायचा. तिला एमडीएम म्हणतात, म्हणजे मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट. कारखाने, बँका, दवाखाने, सगळीकडे ती असते.

अशा यंत्रणेचा सर्व्हर किती मोठा हवा? आपण पटकन फोन मोजायला लागतो. पण खरं उत्तर घड्याळात दडलेलं असतं, आणि हे पहिल्यांदा कळतं तेव्हा फार गंमत वाटते.

हिशेब करून बघू. धरा की 1 लाख 10 हजार फोनांपैकी प्रत्येक फोन आठ तासांतून एकदा सर्व्हरकडे जाऊन ‘काही नवं काम आहे का?’ असं विचारतो. फोन दिवसभरात सारखे विखुरलेले असतील, तर सेकंदाला चार विचारणाही येत नाहीत. घरातला साधा संगणक एवढं सांभाळेल. आता तेच फोन सकाळी दहाच्या ठोक्याला, एका मिनिटात येऊ द्या. सेकंदाला अठराशेहून जास्त विचारणा! फोन तेवढेच, प्रश्नही तोच, आणि भार 480 पट.

वणीकरांना हे वेगळं समजवायला नको. जवळच्याच सप्तशृंगी देवीच्या गडावर वर्षभर माणसं येतातच, पण घाटरस्त्याची परीक्षा चैत्रोत्सवात आणि नवरात्रात होते. त्या दिवसांत खासगी गाड्या पायथ्याला नांदुरीतच थांबवतात आणि पुढे एसटीने भाविकांना वर नेतात. रस्ता रुंद करता आला नाही तरी चढणाऱ्यांचा ओघ आवरता येतो. मोठ्या सर्व्हरच्या दाराशीही नेमकं हेच करतात: झेपतील तेवढ्यांना आत घ्यायचं आणि बाकीच्यांना ‘थोड्या वेळाने या’ असं लगेच सांगायचं. न सांगता ताटकळत ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

रांगेचं गणित मोठं विलक्षण आहे. त्याचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एरलांग यांनी 1909 मध्ये घातला. किती तारा टाकल्या तर लोकांचे फोन लागतील, हा त्यांचा प्रश्न होता. विचारणा कधीही, कशाही येत असतील आणि काम करणारा एकच असेल, तर तो निम्मा वेळ गुंतलेला असताना एका कामाला मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. तो नव्वद टक्के गुंतला की दहापट. नव्व्याण्णव टक्के गुंतला की शंभरपट! म्हणजे ‘सर्व्हर अजून दहा टक्के रिकामा आहे’ हे वाक्य ऐकून निश्चिंत व्हायचं नाही, सावध व्हायचं. नियोजन करणारे मोकळी जागा राखून ठेवतात ती उधळपट्टी नसते. त्या मोकळ्या जागेमुळेच काम वेळेत होतं.

आणि सर्व्हर कोलमडलाच तर? उत्तर आलं नाही म्हणून प्रत्येक फोन तीस सेकंदांनी पुन्हा विचारतो. सगळे एकाच वेळी अडले होते, म्हणून सगळे एकाच वेळी परततात. सर्व्हर डोकं वर काढतो आणि पुन्हा पडतो. यावरचा उपाय मला सगळ्यात सुंदर वाटतो: फोनांनी जणू फासे टाकायचे. 1971 मध्ये हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने अलोहानेट हे रेडिओ-जाळं चालू केलं. दोन संदेशांची टक्कर झाली, तर प्रत्येक यंत्राने स्वतःपुरता, नशिबावर सोडलेला वेळ थांबून पुन्हा पाठवायचं. पुढे इथरनेटने त्यात भर घातली, की दर टकरीनंतर थांबण्याची मर्यादा दुप्पट करायची. कोणी कोणाशी बोलत नाही, रांग लावायला कोणी उभं नाही, तरी गर्दी आपोआप पांगते. आजचे फोन याच युक्तीने वागतात.

नवं ॲप पाठवताना तर या पांगण्यावरच सगळं अवलंबून असतं. 60 एमबीचं ॲप 1 लाख 10 हजार फोनांना द्यायचं, तर एकूण 6,600 जीबी झाले. एका तासात द्यायचे, तर सेकंदाला जवळपास 15 गिगाबिटचा रस्ता लागेल. पाच रात्री, रोज सहा तास असं वाटून दिलं, तर अर्धा गिगाबिट पुरतो. शिवाय आधी एक टक्का, मग दहा, मग सगळे, असं गेलं की चूक लहानपणीच सापडते. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल अशा पायऱ्या न चढता जगभर गेली आणि सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानं अडली, रुग्णालयांची कामं खोळंबली.

पण क्षमतेचा हिशेब सर्व्हरच्या खोलीत संपत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन प्रशासनाला परत करण्याचं आंदोलन केलं. जुने, 2 जीबी रॅमचे फोन नव्या ॲपला पुरत नाहीत, तापतात, अडकतात आणि ॲप इंग्रजीत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं बरोबर होतं. यंत्रणेची ताकद सगळ्यात अशक्त फोनाएवढीच असते, आणि तो फोन नेहमी कोणाच्या तरी हातात असतो. म्हणून नवं ॲप ज्या पहिल्या एक टक्क्याला जाईल, त्यात मंत्रालयाजवळचे चकचकीत फोन नकोत. फोटोंनी भरलेले, बॅटरी थकलेले, डोंगराआड रेंज जाणारे फोन मुद्दाम निवडावेत. दिंडोरी आणि कळवणच्या पाड्यांवरचे आधी घ्यावेत, आणि त्यांवर ॲप पाच मिनिटांत उघडलं तरच पुढच्या दहा टक्क्यांचं बटण दाबावं.