'टाकी फुल' म्हणजे काय ? : सीएनजी मोटार आणि तिची मराठी

पुणे–बेंगळूरु महामार्ग सोडून सुरूर फाट्यावरून वाईकडे वळणाऱ्या मोटारमालकाला महाबळेश्वर गाठावयाचे असते; आणि मोटार सीएनजीवर चालणारी असेल, तर वळण्यापूर्वी एक प्रश्न त्याच्या मनात हटकून येतो : गॅस पुरेल काय ? 'टाकी फुल आहे' असे तो स्वतःचे समाधान करून घेतो. या लहानशा वाक्यातील 'टाकी' आणि 'फुल' हे दोन्ही शब्द पेट्रोलच्या व्यवहारातून उसने आलेले आहेत, आणि उसन्या शब्दांबरोबर उसनी समजूतही येते. नव्या वस्तूला जुने नाव देणे हा भाषेचा नित्याचा व्यवहार होय. परंतु वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाब जिच्यात कोंडलेला असतो, त्या वस्तूचे नाव कोठून आले हे पाहणे केवळ शब्दकुतूहलाचे काम राहत नाही.

सीएनजी म्हणजे संपीडित नैसर्गिक वायू. त्यात मुख्यत्वे मिथेन असतो. मुंबईत १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि पुढे हे इंधन तेथील रिक्षा-टॅक्सींत रुळले. पुणे परिसरासाठी २००६ साली महाराष्ट्र नॅचरल गॅस ही कंपनी निघाली. २०१८ मधील नवव्या निविदाफेरीत सातारा व सांगली हे दोन जिल्हे मिळून गॅसवितरणाचे एक क्षेत्र ठरविण्यात आले. इंधनाबरोबर त्याचे शब्दही आले. त्यांच्याकडे पाहिले असता बोलणाऱ्यांच्या मनात तीन प्रतिमा वावरताना दिसतात : पेट्रोलची टाकी, स्वयंपाकघरातील सिलिंडर आणि चाकातील हवा. यांपैकी पहिल्या दोन दिशाभूल करतात. तिसरी, जिचा उच्चार क्वचितच होतो, ती मात्र योग्य वाट दाखविते.

प्रथम पेट्रोलची प्रतिमा घेऊ. 'पंप', 'टाकी', 'फुल', 'ॲव्हरेज' हे शब्द तिच्यातले. द्रवाची टाकी काठोकाठ भरली की ती भरली. तिच्यात आणखी थेंब मावत नाही, आणि आज भरली काय किंवा उद्या भरली काय, माप तेच. वायूला असा काठ नसतो. तो नेहमीच सगळे भांडे व्यापून असतो. भांड्यात त्याचे वजन किती, हे मात्र दाबावर आणि तपमानावर अवलंबून राहते. म्हणूनच पेट्रोल लिटरने मिळते आणि सीएनजी किलोने. मोटारीत सामान्यतः बसविल्या जाणाऱ्या साठ लिटर जलधारणेच्या सिलिंडरमध्ये आठ-नऊ किलो गॅस 'बसतो', आणि एका किलोत सुमारे १.४ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. म्हणजे साठ लिटरांची जागा व्यापूनही हाती येते ती बारा लिटर पेट्रोलची ऊर्जा. 'किलोला किती देते ?' हा प्रश्न गायीच्या दुधासारखाच मोटारीबद्दलही विचारला जातो. पण किलोचा भाव लिटरच्या भावाशेजारी तसाच ठेवून तुलना केली, तर हिशेब चुकतो.

दुसरी प्रतिमा स्वयंपाकाच्या गॅसची. 'गॅस' आणि 'सिलिंडर' हे शब्द घराघरांत परिचित असल्याने ती अधिक खोलवर रुजली आहे. घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्यूटेन द्रवरूपात असतात आणि तेथील दाब साधारणतः दहा बारच्या आत राहतो. मोटारीतील मिथेन द्रवरूप नसतो आणि त्याचा दाब दोनशे बारपर्यंत नेलेला असतो. घरचा गॅस हवेहून जड असल्याने गळल्यास जमिनीलगत साचतो. सीएनजी हवेहून हलका असल्याने वर जातो. याहून महत्त्वाचा भेद मालकीचा आहे. घरचा सिलिंडर कंपनीचा असतो. तो रिकामा होऊन परत जातो आणि त्याची चाचणी ही कंपनीची जबाबदारी असते. मोटारीचा सिलिंडर मालकाचा. तो कोठेही परत जात नाही. नियमानुसार दर तीन वर्षांनी त्याची जलदाब-चाचणी करून घ्यावी लागते. या चाचणीत सिलिंडर पाण्याने भरून नेहमीच्या दाबाहून अधिक दाब देतात, आणि तो काढून घेतल्यावर धातू पूर्ववत आकसतो की थोडा फुगलेलाच राहतो, हे मोजतात. भरण आणि उपसा यांमुळे प्रत्येक खेपेस ताणल्या जाणाऱ्या धातूची ही परीक्षा होय. घरच्या सिलिंडरची सवय झालेल्या मनाला ही तारीख आपण लक्षात ठेवावयाची आहे, हे सहसा सुचत नाही. शब्द एकच राहिला, पण जबाबदारीने घर बदलले.

तिसरी प्रतिमा क्रियापदात दडलेली आहे. पेट्रोल मराठीत 'भरले' जाते तसेच 'टाकले'ही जाते. 'दोनशेचे टाक' असे सहज म्हटले जाते. गॅस मात्र बहुधा 'भरला'च जातो, जशी चाकात हवा भरतात. हे साम्य वरवरचे नाही. चाकाबद्दल कोणी 'फुल' म्हणत नाही. हवा 'कमी' असते किंवा 'बरोबर' असते, म्हणजे बोलणारा नकळत दाबाचाच विचार करीत असतो. सीएनजीच्या पंपावरील सारे अनुभव या प्रतिमेने उलगडतात. वेगाने भरताना सिलिंडरमधील वायू तापतो. तापल्याने दाब लवकर चढतो, आणि वजन पुरेसे होण्यापूर्वीच भरण थांबते. पुढे वायू निवाला की काटा थोडा उतरतो. मालकाला वाटते, गॅस गळाला. वस्तुतः तो फक्त थंड झालेला असतो.

'आज प्रेशर नाही' ही पंपावरील तक्रारही अशीच समजून घेता येते. नळवाहिनीला जोडलेल्या 'मदर स्टेशन'वर वायू दाबून गाडीवरील सिलिंडरांच्या संचात भरतात, आणि ती गाडी दूरच्या 'डॉटर स्टेशन'कडे जाते. संच रिता होत जातो तसा त्याचा दाब उतरतो, आणि रांगेत मागे असलेल्या मोटारीला कमी किलो मिळतात. आईपासून लेक जितकी दूर नांदते, तितका माहेरचा पुरवठा वाहनावर अवलंबून राहतो.

आता पसरणीचा घाट. वाई ते महाबळेश्वर हे अंतर सुमारे बत्तीस किलोमीटर आणि चढ सहाशे मीटरांहून अधिक. सीएनजीवर इंजिनाची ताकद आधीच थोडी घटते, कारण आत ओढल्या जाणाऱ्या हवेची काही जागा वायूच व्यापतो. उंचीवर हवाही विरळ होते. म्हणून भरलेली मोटार चढावर जड वाटू लागली की चालक ती 'पेट्रोलवर घेतो'. यात गाडीचा दोष नाही. दोन इंधनांच्या मोटारीची रचनाच अशी आहे. सपाटीवरचा किलोमागील हिशेब घाटात लागू धरू नये आणि पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नये, एवढाच याचा व्यावहारिक अर्थ. महाबळेश्वर–पाचगणी परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झालेला आहे. तेथे तुलनेने स्वच्छ जळणाऱ्या इंधनाने जाणे इष्टच, मात्र ते समजून जाणे अधिक इष्ट.

याच घाटाच्या पायथ्याशी, वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि शास्त्रीय परिभाषा घडविण्याचे मोठे कार्य तेथे झाले. 'संपीडित नैसर्गिक वायू' ही संज्ञा अशाच घडणीची. ती अचूक आहे, पण पंपावर कोणी ती उच्चारणार नाही. यावरून परिभाषा व्यर्थ ठरत नाही. लोकभाषेत जी योग्य प्रतिमा आधीच आहे ती ओळखून तिचा आधार घेणे, हे परिभाषाकाराचे उरलेले काम होय. मोटारमालकास 'टाकी फुल आहे काय ?' असे विचारण्याऐवजी 'दाब किती, किलो किती, आणि चाचणीची तारीख कोणती ?' असे विचारावयास शिकविले, तर त्याला कोणताही नवा शब्द शिकावा लागणार नाही. चाकातील हवेबद्दल तो पिढ्यान्‌पिढ्या जे बरोबर बोलत आला, तेच त्याने सिलिंडरबद्दल बोलावयाचे आहे.